चर्चा: नर्स कमी नाहीत, कामाची इच्छा कमी आहे? एसएनसीयूतल्या एका सिस्टरचं उत्तर

रात्रपाळी

परवा इथे एका गृहस्थांनी लिहिलं होतं: "गल्लोगल्ली नर्सिंग कॉलेजं निघालीत, दरवर्षी हजारो मुली पास होतात, आणि म्हणे नर्स कमी. माझा पुतण्या सात दिवस बाळांच्या आयसीयूत होता. काचेतून बघावं तेव्हा दोघी-तिघी टेबलाशी बसून काहीतरी लिहिताहेत, नाहीतर मोबाइलवर. कमतरता नर्सची नाही, कामाच्या इच्छेची आहे." खाली "अगदी बरोबर" म्हणणाऱ्यांची रांग लागली.

मी अकरा वर्षं एका जिल्ह्याच्या सरकारी एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून (एनएचएम), म्हणजे कंत्राटी. दोन दिवस गप्प बसून पाहिलं, पण झोप लागेना. म्हणून लिहिते.

आधी त्या टेबलाचं सांगते. आम्ही तिथे लिहीत असतो ते बाळांचे चार्ट. तापमान, श्वास, ठोके, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन), दूध किती गेलं, लघवी किती झाली. हे प्रत्येक बाळाचं, ठरलेल्या तासाला. लिहिलं नसेल तर केलंच नाही असं धरतात. मोबाइलवर डॉक्टरांना रिपोर्टचा फोटो जातो आणि डोसचा हिशेब होतो. जेंटामायसिनचा डोस काढताना दशांश चिन्ह एक घर सरकलं तर औषध दहापट जातं. तो हिशेब मी दोनदा करते, आणि हो, मोबाइलवर करते.

आता काचेतून जे दिसत नाही ते. किलोच्या आतलं बाळ कधी हातात घेतलंय? कातडी इतकी पातळ असते की चिकटपट्टी घाईने ओढली तर सालपट निघतं. बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरचा तापमान मोजणारा प्रोब त्याच्या पोटावर चिकटवलेला असतो. तो सुटला की यंत्राला वाटतं बाळ गार पडलंय, आणि ते तापतच जातं. अलार्म होतो हो, पण त्या खोलीत कुठला ना कुठला अलार्म सतत चालूच असतो. कुठल्याला धावायचं आणि कुठला दोन मिनिटं थांबला तरी चालेल हे कानांना शिकावं लागतं. माझ्या कानांना वर्ष लागलं. आणि आठव्या महिन्याच्या आत जन्मलेली बाळं श्वास घ्यायचं विसरतात. छाती हलायची थांबते, रंग बदलतो. तळपायाला टिचकी मारली, पाठीवरून बोट फिरवलं की पुन्हा सुरू करतात. बहुतेक वेळा. ती टिचकी वेळेवर मारायला कोणीतरी जवळ असावं लागतं.

ऑक्सिजन कमी पडला तर मेंदूला धोका, जास्त झाला तर डोळ्यांना. सॅच्युरेशन ९० ते ९५ टक्क्यांच्या मधे धरून ठेवायचं. एका बाळाचं ठेवता येतं. चारांचं ठेवता येतं. आठांचं येत नाही.

नियम आहे की पाळीला तीन-चार बाळांमागे एक सिस्टर. सोळा खाटा म्हणजे पाळीला चार, तीन पाळ्यांच्या बारा, वर सुट्ट्या आणि नाइट ऑफ धरून पंधरा-सोळा जणी. आमच्याकडे कागदावर अकरा. त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर, एक लसीकरणाला दिलेली, दोघींच्या कंत्राटाची फाइल अडकलेली. राहिल्या सात. रात्री दोघी असतो, आणि खाटा सोळा असल्या तरी बाळं बावीस असतात. एका वॉर्मरवर दोन. बाहेरून कोणी बाळ घेऊन आलं तर त्याला दारातून परत पाठवणार कोण?

पण माझं म्हणणं आकड्याचं नाही. नर्स मिळते हो. बाळांची नर्स मिळत नाही, कारण आपण ती टिकू देत नाही. एफबीएनसी नावाचं नवजातांच्या देखभालीचं प्रशिक्षण आहे: चार दिवस वर्ग, मग चौदा दिवस मोठ्या केंद्रात उभं राहून शिकायचं. त्यानंतर सहा-आठ महिन्यांत हात बसतो, आणि नेमक्या तेव्हा ऑर्डर निघते की सर्जिकल वॉर्डात माणूस कमी आहे, उद्यापासून तिकडे. तिच्या जागी येते ती पहिल्या दिवशी सीपॅपची, म्हणजे बाळाच्या श्वासाला हवेचा दाब देणाऱ्या यंत्राची, नळी हातात घेऊन मला विचारते, "ताई, ही कुठल्या बाजूने?" तिची चूक नाही. मीही तेच विचारलं होतं.

मूळ पोस्टवाला

माझं नाव घेतलं नाहीत, पण पोस्ट माझीच आहे, तर उत्तरही मीच देतो. तुमच्यासारख्या असतीलही. मी जे पाहिलं ते पाहिलं. माझी वहिनी टाके असलेल्या पोटाने दर दोन तासांनी दूध काढून वाटीत घेऊन जायची आणि दारात अर्धा तास उभी राहायची. एकदा एकीने ती वाटी घेतली आणि तिच्यासमोर सिंकमध्ये ओतली. "किती वेळ झालाय याला, नवीन आणा." बस्स. हे माणूस कमी असल्यामुळे होतं का? जिभेला माणसं लागतात का?

अकोल्याचा बाप

यांच्या बाजूने एक. माझी मुलगी १,३५० ग्रॅमची होती, एकोणीस दिवस आत होती. पहिल्या रात्री मी विचारलं, कशी आहे. उत्तर आलं, "डॉक्टरांना विचारा." दुसऱ्या रात्री तेच. डॉक्टर सकाळी दहाला. रात्री दहा ते सकाळी दहा बापाने काय करायचं, भिंतीवरची हात धुवायच्या सहा पायऱ्यांची चित्रं बघायची? मला त्या आजही पाठ आहेत.

पण दुसरंही सांगतो, नाहीतर खोटं होईल. बाराव्या रात्री एक वयस्कर सिस्टर होती. तिने मला आत बोलावलं, गाऊन घातला, शर्टाची बटणं काढायला लावली आणि मुलगी छातीवर ठेवली. म्हणाली, "हलू नका, एक तास." त्या तासात ती तीनदा येऊन बघून गेली. आज मुलगी तिसरीत आहे. त्या सिस्टरची पुढच्या आठवड्यात बदली झाली, मी पेढे घेऊन गेलो तर ती डोळ्यांच्या वॉर्डात सापडली. तेव्हा मला कळलं नव्हतं यात काय वावगं आहे. आज वरची पोस्ट वाचून कळलं.

रात्रपाळी

दुधाच्या वाटीबद्दल दादा, त्या सिस्टरचं चुकलं. दूध टाकावं लागलं असेल, पण टाकायची रीत असते, आईच्या हातात हात देऊन सांगायचं असतं. मी सबब देत नाही. एवढंच सांगते की एका पाळीत बावीस बाळांची दर दोन तासांची फीड म्हणजे नळीतून थेंबथेंब सोडायचे किती तास होतात ते मोजा. त्या बाईने त्या दिवशी पाणी प्यायलं होतं का, हे मला पहिल्यांदा मनात येतं. तुम्हाला येणार नाही, आणि येऊही नये. तुमचं बाळ आत होतं.

निवृत्त अधिसेविका

रोटेशनबद्दल, म्हणजे नर्सना एका विभागातून दुसऱ्यात फिरवण्याबद्दल, गैरसमज पसरू नये म्हणून लिहिते. चौतीस वर्षं सेवा झाली, शेवटची सात मेट्रन म्हणून. ड्युटी लावायचा तक्ता माझ्या हातात असायचा, शिव्याही मलाच मिळायच्या.

एकाच विभागात माणूस वर्षानुवर्षं ठेवला की काय होतं ते मी पाहिलंय. चौघींनाच काम येतं. त्यातली एक आजारी, एकीच्या घरी लग्न, मग उरलेल्या दोघी सलग डबल ड्युटी करतात आणि बाकीच्या म्हणतात, "आम्हाला नका पाठवू, आम्हाला भीती वाटते." शिवाय मक्तेदारी होते. "आमचा विभाग" म्हणत इन्चार्जसुद्धा ऐकून घेत नाहीत. आणि बाळं दगावतात त्या विभागात. आठवड्याला एक, कधी दोन. पाच वर्षं सलग ते बघून एक मुलगी माझ्यासमोर बसून म्हणाली होती, "मॅडम, मला आता घरी स्वतःच्या पोराला उचलावंसं वाटत नाही." तिला मी दुसऱ्या दिवशी ओपीडीत दिलं. ते चुकलं का माझं?

रोटेशन म्हणजे छळ नव्हे. आणि कडक भाषेत सांगायचं तर कंत्राटी मुलींना फक्त एसएनसीयूसाठी नेमलेलं असतं, तरी त्यांना इतरत्र पाठवावं लागतं, कारण नियमित पदं भरलेली नसतात. ती मी भरायची नव्हती.

ब्रदर

सगळे सिस्टर-सिस्टर करताहेत. मीही जीएनएम, म्हणजे डिप्लोमा केलेला नर्स आहे, मीही एनआयसीयूत, म्हणजे नवजातांच्या आयसीयूत काम केलंय, आणि इथे कोणी विचार तरी करतं का की अर्धी दारं आमच्यासाठी बंद आहेत? एम्सच्या भरतीत ८० टक्के जागा बायकांना, २० आम्हाला. राज्यातही जाहिरात निघाली की पोरांच्या पोटात गोळा येतो. खाजगीत मुलाखतीला गेलो तर सरळ तोंडावर सांगतात, "बाळांचा विभाग आहे, बाया दूध पाजतात, जेन्ट्स नको." तीन वर्षं व्हेंटिलेटरवरची बाळं सांभाळली आणि शेवटी डायलिसिसला लागलो. माणूस कमी म्हणता, मग असलेला का नको?

रात्रपाळी

भाऊ, तुमचं दुखणं खरं आहे. आमच्याकडे एक ब्रदर होते, २६ नंबरची जांभळी सुई बाळाच्या शिरेत एका खेपेत घालणारे. आम्ही तिघी हरलो की त्यांना हाक मारायचो. पण त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येते तिथे.

डॉक्टर, तालुक्याचं गाव

मी बालरोगतज्ज्ञ. आठ खाटांचं एनआयसीयू, स्वतःचं, कर्ज अजून चालू. इथे अजून कोणी खाजगीबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. मी दरवर्षी पाच-सहा मुली घेतो. हात कसा धुवायचा इथपासून शिकवतो. सहा महिन्यांत उभ्या राहतात. आठव्या महिन्यात पुण्याच्या कॉर्पोरेट हॉस्पिटलचा फोन येतो, नाहीतर सरकारी जाहिरात, आणि आताशा जर्मनी. माझ्याकडे राहते ती जिचं सासर गावात आहे ती. म्हणजे माझ्या एनआयसीयूचा कारभार गावातल्या लग्नांवर चालतो.

रात्रपाळी

पगार किती देता, डॉक्टर?

डॉक्टर, तालुक्याचं गाव

हा प्रश्न येणारच होता. सुरुवातीला तेरा हजार. हात बसला की सोळा-सतरा.

रात्रपाळी

सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली होती. पन्नास खाटांच्या आतल्या दवाखान्यातही वीस हजारांच्या खाली पगार नको, असं तिने तेव्हा सांगितलं. दोनशे खाटांच्या वर असाल तर सरकारी नर्सइतका. तुम्ही आज तेरा देता. जी बाई रात्रभर तुमच्या आठ बाळांचा श्वास मोजते तिला तुमच्या मेडिकल स्टोअरच्या पोराइतका पगार. मग ती पुण्याला गेली याचं नवल कसलं?

डॉक्टर, तालुक्याचं गाव

समितीने शिफारस केली, पैसे नाही दिले. माझ्याकडे येणारा बाप दागिने गहाण ठेवून येतो. बिल वाढवलं तर तुम्हीच "लुटारू" म्हणाल. सरकारी योजनेतून उपचार केले तर पैसे कधी येतील सांगता येत नाही. तरी मान्य करतो, तेरा कमी आहे. पुढच्या महिन्यापासून मी काय करणार हे इथे लिहिणार नाही, पण तेरा कमी आहे.

आणि जर्मनीबद्दल कोणीतरी बोला. सरकारच पाठवायला निघालंय. आपल्या राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, दहा हजार कुशल माणसं पाठवायची, त्यात नर्सेस आहेत. इकडे एसएनसीयूत दोघी बावीस बाळं बघतात आणि तिकडे आपण माणसं पुरवतो.

मूळ पोस्टवाला

हेच! हेच माझं म्हणणं. सरकारी कॉलेजात स्वस्तात शिकायचं, सरकारी दवाखान्यात हात बसवायचा आणि मग परदेशी. पाच वर्षांचा बाँड घ्या सक्तीने.

श्टुटगार्टकर

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातली, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये चौथं वर्ष. त्या कराराच्या आधीच आले, स्वतःच्या पैशाने. "स्वस्तात शिकून" हे वाचून राहवलं नाही.

मी खाजगी कॉलेजात बीएस्सी केलं. बाबांनी अर्धा एकर विकलं. मग मुंबईत एका एनआयसीयूत सहा वर्षं. पगार शेवटी बावीस हजार. खोलीत आम्ही पाच जणी, एकीची नाइट असली की दुसरी तिच्या गादीवर झोपायची. जर्मन भाषेची बी-टू पातळी गाठायला दीड वर्ष लागलं, ड्युटी करून, लोकलमध्ये उभ्याने शब्द पाठ करत. कोणता बाँड माझ्याकडून वसूल करणार आहात?

आणि इथलं सांगते. इथे दीड किलोच्या आतलं बाळ इन्टेन्सिव्हमध्ये असेल तर एका बाळामागे एक सिस्टर, असा लेखी नियम आहे. नुसतं निरीक्षण चालू असेल तर दोघांमागे एक. सर्वांत वरच्या दर्जाच्या केंद्रात त्या सिस्टरपैकी चाळीस टक्के जणींनी बालकांच्या अतिदक्षतेचं वेगळं शिक्षण घेतलेलं असावं लागतं. मला पहिल्या महिन्यात एक बाळ दिलं. एकच. आठ तास. पहिल्या दिवशी मी घरी जाऊन रडले. मुंबईत मी ज्यांच्याकडे नुसती धावत जाऊन आले, ती सगळी डोळ्यांसमोर आली.

मूळ पोस्टवाला

ताई, तुमच्या बाबांच्या जमिनीबद्दल माहीत नव्हतं. पण तुम्ही रडलात त्या बाळांसाठी कोण उरलं? माझा राग तुमच्यावर नाही म्हणता म्हणता तुमच्यावरच येतोय, इलाज नाही.

डॉक्टर, तालुक्याचं गाव

भावनेचं राहू द्या. तुम्ही तिकडे थेट एनआयसीयूत लागलात का, की आधी म्हाताऱ्यांच्या वॉर्डात डायपर बदलले? कारण माझ्याकडून गेलेली एक मुलगी वृद्धाश्रमात आहे. चार वर्षं बाळांवर बसवलेला हात वाया.

श्टुटगार्टकर

माझ्या शिक्षणाला इथे मान्यता मिळेपर्यंत अकरा महिने मेडिसिनच्या वॉर्डात होते. हो, डायपर बदलले. तुम्ही ते इतक्या तुच्छतेने का लिहिलंत, डॉक्टर? इथे तेही नर्सचंच काम आहे आणि त्याचा पगार मिळतो. मग परीक्षा दिली, मग अर्ज करून बाळांकडे आले. तुमच्या त्या मुलीला कोणी सांगितलं नसेल की असा अर्ज करता येतो. तिला माझ्याशी जोडून द्या.

डॉक्टर, तालुक्याचं गाव

तुच्छतेने नाही लिहिलं. बरं, तसं वाटलं असेल तर शब्द मागे घेतो. तिला निरोप देतो.

अकोल्याचा बाप

एवढे नियम आहेत तर जर्मनीला आपल्या पोरी कशाला लागतात? तिथे कमतरता नाही का?

श्टुटगार्टकर

आहे ना, दादा. नियम काटेकोर आहे म्हणूनच ती दिसते. सिस्टर नसेल तर खाट बंद करतात. डिसेंबर २०२२ मध्ये आरएसव्हीची, म्हणजे लहान मुलांच्या श्वासावर येणाऱ्या विषाणूची, लाट आली तेव्हा खाटा होत्या, माणसं नव्हती. मुलांना शंभर-शंभर किलोमीटर दूरच्या शहरांत हलवावं लागलं. पेपरात, टीव्हीवर तेच. आणि लहान मुलांच्या सिस्टरचं इथलं वेगळं तीन वर्षांचं शिक्षण २०२० पासून सर्वसाधारण नर्सिंगमध्ये मिसळलं, आता पहिली दोन वर्षं सगळ्यांची सारखी. जुन्या सिस्टर्स त्यावर अजून चिडलेल्या आहेत. म्हणतात, आमच्यानंतर बाळांना कोण ओळखणार.

आपल्याकडे खाट बंद होत नाही. बावीस बाळं, दोघी जणी, आणि कागदावर विभाग चालू. म्हणून बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, सगळं आहे की, या पोरीच बसून असतात.

जुना आरोग्यसेवक

मी वेगळं म्हणतो, रागावू नका. एवढ्या यंत्रांचा आणि स्पेशालिस्टचा आग्रहच का? गडचिरोलीत डॉक्टर बंग दांपत्याने त्यांच्या 'सर्च' संस्थेतून गावातल्या बायकांना शिकवून घरोघरी बाळं वाचवली. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली. आज देशभर आशाताई घरी जाऊन बाळ बघतात त्याचं मूळ तिथे आहे. पाचवी-दहावी शिकलेल्या बाईला जमलं ते पदवीधर नर्सला स्पेशल कोर्स केल्याशिवाय जमत नाही?

रात्रपाळी

काका, त्या कामापुढे मी मान झुकवते. माझ्या आतेची सून आशा आहे. पण ती जे बाळ ओळखते, "हे थंड पडलंय, हे ओढत नाही, छाती आत जातेय, दवाखान्यात न्या", ते बाळ येतं कुठे? माझ्याकडे. तिने तिचं काम चोख केलं आणि साठ किलोमीटर जीपमधून बाळ पोहोचलं, की पुढचं काम माझं. महाराष्ट्रात केंद्राच्या एसआरएस पाहणीप्रमाणे २०२० साली हजार जिवंत जन्मांमागे सोळा बाळं वर्षाच्या आत गेली, आणि त्यातली अकरा पहिल्या महिन्यात. जी घरी वाचण्यासारखी होती ती बऱ्याच अंशी आता वाचतात. उरलेली आहेत ती नऊशे ग्रॅमची, जन्मतः न रडलेली, जंतुसंसर्गाची.

आणि तुमचाच दाखला माझ्या बाजूने आहे. त्या गावातल्या बायकांना शिकवलं आणि *त्याच* कामावर, *त्याच* गावात ठेवलं. सहा महिन्यांनी कोणाला उचलून पाणीपुरवठ्यात दिलं नाही.

जुना आरोग्यसेवक

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मूळ पोस्टवाला

एक विचारतो. चूक झाली तर जबाबदारी कोणाची? माणूस कमी म्हटलं की सगळं माफ?

रात्रपाळी

भंडारा आठवतंय? ९ जानेवारी २०२१, मध्यरात्रीनंतर. एसएनसीयूत आग लागली, सतरापैकी दहा बाळं गेली, सात वाचवली. पुढच्या महिन्यात गुन्हा कोणावर दाखल झाला, तर दोन नर्सवर. त्या खोलीत काय झालं याचा निवाडा मी करत नाही. पण त्या दिवसापासून राज्यातल्या प्रत्येक एसएनसीयूतली सिस्टर रात्री वायरी हुंगत फिरते. मी फिरते. दर तासाला वॉर्मरच्या मागे वाकून प्लगला हात लावून बघते, गरम लागतोय का. हे माझ्या ड्युटीत कुठेही लिहिलेलं नाही. माफ काहीच होत नाही, दादा. आमच्यापर्यंत जबाबदारी फार लवकर पोहोचते, माणूस मात्र पोहोचत नाही. २०२३ ला नांदेडला एका दिवसात चोवीस मृत्यू झाले, त्यात बारा नवजात. तेव्हा एका खासदाराने डीनला संडास साफ करायला लावला. कॅमेरे होते. त्यानंतर किती सिस्टर वाढल्या, हे विचारायला कॅमेरा आला का?

निवृत्त अधिसेविका

भंडाऱ्याचं काढलंत म्हणून लिहिते, नाहीतर थांबले होते. मी तक्ता लावत असताना रात्री एसएनसीयूत नवी मुलगी एकटी पडू नये एवढं पाळलं. एक जुनी, एक नवी. ते पाळायला जुन्या राहायला हव्यात हे मला कळत होतं. सिव्हिल सर्जनना मी लेखी दिलं होतं की सहा जणींना तीन वर्षं हलवू नये, बाकीच्यांचं रोटेशन चालू ठेवावं. त्यावर शेरा आला, "नियमाप्रमाणे कार्यवाही करावी." मी केली. जिला घर-पोर नकोसं झालं होतं तिला हलवलं ते बरोबरच होतं, त्यावर मी ठाम आहे. पण तिच्याबरोबर ज्यांना राहायचं होतं अशा तिघींनाही हलवलं. त्यातली एक रडली होती. मी तिला शिस्तीवर व्याख्यान दिलं.

रात्रपाळी

मॅडम, मी ती नव्हे. पण मलाही असंच व्याख्यान मिळालंय. नऊ महिने मी मेडिकल वॉर्डात होते, मग भांडून परत आले. परत आले तेव्हा सीपॅपचं मॉडेल बदललेलं होतं.

माझी मागणी मोठी नाही. ज्यांना राहायचं आहे त्यांना राहू द्या, ज्यांना सुटायचं आहे त्यांना सुटू द्या. नवजातांच्या नर्सिंगचा एक वर्षाचा पदविका कोर्स नर्सिंग कौन्सिलने आखून ठेवलाय. तो केला तर त्याचं पद हवं, चार पैसे वर हवेत. आज कोणी तो केला तर प्रमाणपत्र फायलीत जातं आणि ती जाते सर्जिकलला. कुठे किती माणसं लागतात ते ठरवणाऱ्या केंद्राच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटनेसुद्धा १९९१-९२ मध्ये नर्सरीत दोन बाळांमागे एक, आयसीयूत एकामागे एक, आणि सुट्ट्या-रजांसाठी वर ४५ टक्के जास्तीची पदं असं लिहून ठेवलंय. तेव्हा मी दूध पीत होते.

मूळ पोस्टवाला

वाटीचं मी विसरणार नाही, हे आधी सांगतो. पण "कामाची इच्छा नाही" हे वाक्य पोस्टमधून काढलं आहे. "काचेतून दिसतं तेवढंच मला माहीत" असं घातलंय. बाकी पोस्ट तशीच आहे.

आता असं सांगा, आमच्या जिल्ह्याच्या दवाखान्यात खरोखर किती आहेत हे मला कसं कळेल? माहितीच्या अधिकारात विचारतो. दहा रुपये, तीस दिवस. असं लिहितो: "एसएनसीयूमध्ये मंजूर, भरलेली व रिक्त पदे किती, आणि तेथे कार्यरत परिचारिका किती." बरोबर?

निवृत्त अधिसेविका

नाही. "कार्यरत" लिहू नका. कार्यरत म्हटलं की लसीकरणाला दिलेली, रजेवरची, ओपीडीत बसवलेली, सगळ्या मोजून देतात. मीही देत होते. असं लिहा: "मागील सहा महिन्यांच्या ड्युटी तक्त्याची प्रत द्यावी, पाळीनिहाय. त्याच तारखांना कक्षात दाखल बाळांची संख्या द्यावी. तक्त्यातील किती जणींचे एफबीएनसी प्रशिक्षण झाले व त्या कक्षात सलग किती महिने आहेत, तेही द्यावे." आणि रात्रपाळीचा तक्ता वेगळा मागा. दिवसाचा दाखवायला नेहमी बरा असतो.